तुम्ही विचारलंत म्हणून: झाकलं जाण्याआधी

आमच्या इमारतीत फ्लॅट घेतलेले एक निवृत्त शिक्षक परवा साइटवर आले होते. स्लॅबखालचे टेकू बघत थोडा वेळ उभे राहिले आणि मग अगदी सरळ म्हणाले, "मॅडम, नकाशा आर्किटेक्टनं काढला, लोखंड किती घालायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरनं ठरवलं, बांधतोय ठेकेदार. तुमचा पगारही आमच्या फ्लॅटच्या किमतीतूनच निघत असणार. मग तुम्ही नेमकं काय करता?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, रिक्षात विचारतात, माझ्या आईनंही विचारलाय. कन्स्ट्रक्शन मॅनेजर म्हटलं की लोकांना वाटतं, मजुरांवर देखरेख करणारी बाई. सरांना मी त्या दिवशी उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते मला अपुरं वाटलं, म्हणून हे लिहितेय.

इमारतीतलं जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचं काम झाकलं जातं. फूटिंग, म्हणजे पायाचा तळ, मातीखाली जातं, लोखंड काँक्रीटमध्ये जातं, पाइप फरशीखाली जातो, वायर गिलाव्यात जाते. ताबा घेताना तुम्ही फरशीची चमक, रंग आणि दाराच्या कड्या बघता. इमारत ज्याच्या जिवावर उभी आहे त्यातलं काहीच तुम्हाला दिसत नाही, आणि दिसणारही नाही. ते झाकलं जायच्या आधी कुणीतरी ते बघायला हवं. नुसतं बघून भागत नाही, "थांबा" म्हणण्याचा अधिकारही त्याच माणसाकडे हवा. ते माझं काम.

एक उदाहरण नीट सांगते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका इमारतीचा तिसरा स्लॅब होता. काँक्रीटची पहिली गाडी सकाळी साडेसातला गेटवर आली. मी पहाटेच वर चढून लोखंड बघत होते. खोल्यांचं लोखंड ठीक होतं. बाल्कनीपाशी आले आणि पाहिलं, तर वरच्या सळया पायाखाली दबून पार तळाशी गेलेल्या. आदल्या संध्याकाळी इलेक्ट्रिशियनची माणसं पाइप टाकायला त्यांच्यावरून ये-जा करत होती.

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. ताण घ्यायला लोखंड असतं. दोन्ही बाजूंनी टेकलेला स्लॅब मध्ये वाकतो, ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून मधलं मुख्य लोखंड खाली. बाल्कनी एकाच बाजूनं धरलेली आणि पुढे अधांतरी. तिथं ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून लोखंड वर लागतं. पाच इंचाच्या स्लॅबमध्ये सळई वरची खाली गेली, तर वजनात एक किलोही कमी होत नाही, बिल बरोबर येतं, नकाशातला आकडा जुळतो. पण त्या बाल्कनीत लोखंड असून नसल्यासारखं असतं. वर काँक्रीट पडलं की ते कुणालाही दिसत नाही, मलाही नाही.

ठेकेदार म्हणाला, "मॅडम, गाडी गेटात हाय. आता थांबवून कसं चालंल? वर वडून घेतो की काँक्रीट टाकताना." काँक्रीट पडत असताना सळई ओढून वर घेतली, तर ती जागेवर राहत नाही. गाडी परत पाठवली तर मालकाचे पैसे जातात आणि पंपवाला दिवसाचं भाडं लावतो. मी स्लॅब थांबवला नाही, क्रम फिरवला. पंपाचा पाइप मागच्या कोपऱ्याकडे वळवून ओतणं तिथून सुरू करायला लावलं आणि बाल्कन्या शेवटी ठेवल्या. लोखंडवाले आदल्या रात्रीच उचगावच्या साइटला गेले होते, त्यांना फोन करून परत आणलं. त्यांनी प्रत्येक बाल्कनीत सळया उचलून खाली चेअर, म्हणजे सळई वर धरून ठेवणारे वाकवलेले लोखंडी आधार, लावल्या, तारेनं बांधल्या आणि चालायला वरून फळ्या टाकल्या. दहाच्या सुमारास स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन बघून गेले. दुपारी दोनला बाल्कन्यांवर काँक्रीट पडलं. संध्याकाळी नारळ फुटला, पेढे वाटले. त्या बाल्कनीत आज कुणाची तरी तुळस आहे.

सर, नकाशा त्या दिवशीही बरोबरच होता आणि ठेकेदार काही चोर नव्हता. मधली एक संध्याकाळ कुणाचीच नव्हती. अशा कुणाच्याच नसलेल्या वेळा माझ्या वाट्याला येतात.

आता पाण्याचं. सिमेंटच्या पन्नास किलोच्या एका पोत्याला साधारण साडेबावीस लिटर पाणी, असं मिश्रण ठरलेलं असतं. ओतणाऱ्या माणसाला ते घट्ट वाटतं, फावड्याला जड जातं. तो पाच लिटर वाढवतो आणि काँक्रीट छान पसरतं. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या सोडतं. कामगाराचा यात वाईट हेतू नसतो, त्याची पाठ दुखत असते. म्हणून मी स्लॅबच्या दिवशी पाण्याच्या नळीपाशी माणूस ठेवते आणि व्हायब्रेटर दोन आणते, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. काँक्रीट नीट हलवून बसवलं की ते कमी पाण्यातही कोपऱ्यात जातं.

त्याच काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरतात आणि ते सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून फोडतात. एम २५ दर्जाचं काँक्रीट म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन. प्रयोगशाळेचा कागद हवाच, तो फायलीत लागतो. पण अठ्ठावीस दिवसांनी ठोकळा नापास झाला, तर तोवर त्या स्लॅबवर पुढच्या मजल्याचे कॉलम उभे असतात. म्हणून खरी तपासणी ओतायच्या आधीची आणि ओततानाची.

टेकू काढण्यावरून तर दर महिन्याला वाद होतो. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, सांगतं, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा दिवस, सहा मीटरच्या वरच्या बीमचे एकवीस दिवस. सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे काँक्रीटचा साचा आणि टेकू लावणाऱ्याला, त्याच प्लेटा आणि तेच जॅक दुसऱ्या साइटवर हवे असतात. त्याचं भांडवल माझ्या स्लॅबखाली अडकलेलं असतं आणि त्याची घाई मला समजते. तरी तारीख मी खडूनं भिंतीवर लिहून ठेवते आणि ती बदलत नाही. पाणी मारायचंही तसंच. हल्ली बहुतेक साइटवर राखमिश्रित सिमेंट असतं, त्याला किमान दहा दिवस ओल लागते. स्लॅबवर आळी करून पाणी भरणं सोपं आहे. कॉलमला गोणपाट गुंडाळून दिवसातून चार वेळा भिजवणं कंटाळवाणं असतं, आणि तेच राहून जातं.

मग हे सगळं ठेकेदारानंच का करू नये? चांगले ठेकेदार करतातही. पण त्याचा नफा वाचलेल्या सिमेंटमध्ये आणि वाचलेल्या दिवसात असतो. मॅनेजरला ठरलेली रक्कम मिळते, सिमेंट वाचलं काय किंवा लागलं काय. काही मोठ्या कामांत मॅनेजर स्वतःच ठराविक किमतीत इमारत पुरी करायची हमी देतो, तेव्हा तोही ठेकेदाराच्याच बाजूला सरकतो. ती पद्धत मला पटत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा आम्ही बिल्डरच्या पगारावर असतो, हेही मोकळेपणानं सांगते. बिल्डर म्हणाला "चालवून घ्या", तर नोकरी आणि "थांबा" यांतलं एक निवडावं लागतं. माझ्यावर ती वेळ एकदा आली आणि मी नोकरी सोडली. रेरा कायद्यानं ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर ठेवलीय, तेव्हापासून "थांबा" म्हणणं थोडं सोपं झालंय.

बाकी दिवस वेळापत्रकात जातो, आणि कोल्हापुरात ते नुसतं संगणकावर मांडून चालत नाही. चैत्र पौर्णिमेला माझे निम्मे सेंट्रिंगवाले जोतिबाच्या डोंगरावर असतात. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की मुरूम आणणारे ट्रॅक्टर उसात जातात. जून उजाडायच्या आत काम जोत्याच्या वर आलं नाही, तर काळ्या मातीतला खड्डा पाण्यानं भरतो आणि कडा ढासळतात. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात चार फुटांवर मुरूम लागतो आणि दुसऱ्यात नऊ फुटांपर्यंत काळी मातीच. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, तिच्यावर पाया टेकवायचा नसतो. खड्डा उघडा असताना इंजिनिअरला बोलावून तळ दाखवणं हे माझं काम, कारण उद्या तो भरला जाणार असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गाड्या कित्येक दिवस अडकल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. त्यानंतर नदीकडच्या बाजूला एक काम मिळालं, तेव्हा मी आधी शेजारच्या आजींकडे गेले. त्यांच्या जिन्याच्या भिंतीवर दोन्ही पुरांच्या रेषा होत्या. नकाशात विजेच्या मीटरची खोली तळमजल्यावर पार्किंगमध्ये दाखवली होती, त्या रेषांच्या कितीतरी खाली. ती पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी नेली. आर्किटेक्टनं एका दिवसात नकाशा सुधारून दिला, त्यांना ती रेषा कुणी दाखवलीच नव्हती.

माझी चूकही सांगायला हवी. बारा वर्षांपूर्वी ताब्याची तारीख जवळ आली होती. एका बाथरूमचा पाइप दाब देऊन तपासायचा राहिला आणि मी फरशी घालायला होकार दिला. पाच-सहा महिन्यांनी खालच्या घराच्या छतावर ओल आली. त्या घरात नुकतंच बाळ झालं होतं. नवी फरशी फोडली, सांधा सापडला, पण त्या माणसांचे तीन आठवडे धुळीत गेले. तेव्हापासून कुठलीही भिंत किंवा जमीन झाकायच्या आधी मी पाइपला चोवीस तास दाब देऊन ठेवते, बाथरूममध्ये पाणी साठवून खालच्या मजल्यावर जाऊन छत बघते, आणि टेप लावून फोटो काढते. प्रत्येक भिंतीचा, चौकटीपासून किती सेंटिमीटरवर पाइप आहे ते दिसेल असा. ताबा देताना ते फोटो घरमालकाला देते आणि एक प्रत माझ्याकडे राहते.

गेल्या आठवड्यात ताराबाई पार्कातून एका घरमालकीणबाईंचा फोन आला. त्यांचे फोटो जुन्या फोनबरोबर गेले होते. गीझर बसवायला माणूस ड्रिल घेऊन उभा होता आणि भिंतीतला पाइप कुठून जातो ते त्यांना हवं होतं. मी फोटो शोधला. दाराच्या चौकटीपासून ४६ सेंटिमीटरवर गरम पाण्याची उभी लाइन. "तुमची खूण कितीवर आहे?" विचारलं. त्यांनी मोजलं. पंचेचाळीस. "डाव्या हाताला वीतभर सरका," म्हटलं. फोन चालूच होता, ड्रिलचा आवाज आला, थांबला. पलीकडून त्या म्हणाल्या, "कोरडंच आहे."