आत्मिक समुपदेशकाचा परवाना : माझा अनुभव (आणि तो रकाना 14)

संघटित धर्मावर बंदी आली तरी आत्मिक समुपदेशन चालू ठेवता येतं, फक्त परवाना लागतो. माझा एकदाचा हातात आला. अर्ज, मुलाखत, चारित्र्याचा दाखला सुरळीत पार पडलं. लेखी परीक्षेत अल्बानिया हमखास येतं: 1967 मध्ये प्रार्थनास्थळं बंद, 1976 च्या राज्यघटनेत 'राज्य कोणताही धर्म मानत नाही', 1990 मध्ये बंदी उठली. एवढं पाठ करा, भागतं.

घोडं अडलं ते रकाना 14 पाशी. 'सत्रातील मौन : कालावधी, उपस्थितांची संख्या, पद्धत.'

मी सरळ लिहिलं, की घरात कुणी गेलं की सगळं घर एकत्र येतं आणि बोलता बोलता गप्प होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली.

"सगळे एकदम गप्प?"

"हो."

"डोळे?"

"काहींचे मिटतात."

"तुम्ही मिटायला लावता की आपोआप मिटतात?"

म्हटलं, रडणाऱ्या माणसाला डोळे उघडे ठेवा असं कोणत्या तोंडाने सांगू? बाईंनी शांतपणे शेरा मारला: 'अर्जदाराचा नकार.' फाइल वरच्या साहेबांकडे. साहेबांना वेगळीच शंका, आधी गप्प कोण होतं? समुपदेशक होत असेल तर ते नेतृत्व, म्हणजे संघटन. 1929 च्या सोव्हिएत कायद्यात निदान आकडा तरी होता. धार्मिक मंडळाच्या नोंदणीला किमान 20 प्रौढ लागत. इथे दोघांनी डोळे मिटले की झालं मंडळ!

फाइल तिथेच पडून राहिली. शेवटी बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका मुरलेल्या समुपदेशकाने मार्ग दाखवला. प्रत्येक माणसाचं वेगळं संमतिपत्रक जोडायचं. घरातले पाच जण म्हणजे पाच स्वतंत्र सत्रं, योगायोगाने एकाच खोलीत, एकाच वेळी. साहेबांनी त्याच दिवशी सही केली! इतके दिवस मी घसा कोरडा करत होते तो कशासाठी, देव जाणे. (हेही सत्रात म्हणता येत नाही.)

हो, एक सांगायचं राहिलं. अर्जासोबत खोलीचा फोटो लागतो. त्यात खुर्च्या गोलात नकोत, ओळीतही नकोत. वेड्यावाकड्या ठेवा. दिवा तर चुकूनही दिसू देऊ नका, वीज गेली म्हणून लावलेला असला तरी. आणि संमतिपत्रकांच्या प्रती जपून ठेवा, नूतनीकरणाच्या वेळी रकाना 14 नव्याने भरावा लागतो.