ऱ्हिओचा घोळ सुटला, चोर छताला टांगलेला

ऱ्हिओ या जांभळ्या पानांच्या झाडाची साल साखरेच्या पाण्यात ठेवायची आणि कितपत घट्ट पाण्यात निम्म्या पेशी आकसतात ते बघायचं, असा माझा प्रयोग चालू आहे. त्यात ०.२० मोलर (म्हणजे लिटरला ०.२० मोल) साखरेवर माझी गाडी अडकली होती ती अखेर हलली. एका शनिवारी शंभरातल्या ४६ पेशींत रससंकोच (पाणी बाहेर गेल्याने आतला रस आकसून भिंतीपासून सुटणं) दिसला होता. रविवारी तीच बाटली, तेच पान, आणि आकडा ८८! पुढचे तीन आठवडे हेच रडगाणं. साखर दोनदा नव्याने तोलली (१०० मिलीला ६.८५ ग्रॅम). चिमट्यावर संशय घेतला, कारण ऑनलाइन मागवलेला तो संच टाकाऊच आहे. साल सोलतो कमी, चुरगाळतो जास्त. मी पुन्हा दाढीच्या ब्लेडवर आलोय.

परवा फोर्टी एक्सचं जास्त मोठं दाखवणारं भिंग सोडून टेन एक्सवर सगळी साल एकदम पाहिली. आकसलेल्या पेशी सगळ्या कव्हर स्लिपच्या (सालीवर झाकलेल्या पातळ काचेच्या) काठाला! तिथे जांभळा रस भिंतीपासून सुटून गोळा झालेला. मधोमध मात्र पेशी भिंतीला भिडून तट्ट भरलेल्या. म्हणजे द्रावण सगळीकडे सारखं नव्हतंच. काठावरचं पाणी उडत होतं, साखर मागे राहत होती. बाहेरचं द्रावण घट्ट झालं की पाणी पेशीपटलातून बाहेर पडणारच. आणि तो शनिवार? त्या दिवशी दुपारभर लाईट नव्हती. माझा सूक्ष्मदर्शक आरशावर चालतो, त्यामुळे काम थांबलं नाही. पंखा तेवढा बंद होता. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, कुरडया वाळेनात की पंखाच लावतो ना आपण?"

काडीने कव्हर स्लिपच्या चारही कडांना व्हॅसलीन लावलं. तीन स्लाइडी, पंखा चालू: ४७, ५१, ४९. वहीत हे आकडे लाल पेनाने लिहिलेत, कुणी हसू नये.

निम्म्या पेशी सुटतात तिथे आतलं-बाहेरचं जवळपास समपरासारी (पाणी ओढण्याचा जोर दोन्हीकडे सारखा) धरायचं. २७ अंशांना ०.२० मोलरचा हा जोर, म्हणजे परासरण दाब, येतो सुमारे ४.९ वातावरण (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ४.९ पट), म्हणजे कारच्या टायरमध्ये भरतो त्या हवेच्या दुपटीहून जास्त. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो डी व्ह्रीसने १८८०च्या दशकात अॅमस्टरडॅममध्ये याच झाडाच्या पेशींवर असे प्रयोग केले होते. हा हिशेब ज्या सूत्राने केला ते त्याचा तिथलाच सहकारी, रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ याचं.

आता मीठ घेणार होतो. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात, म्हणून ०.११ मोलरच्या आसपासच निम्म्या पेशी सुटायला हव्यात. पण हे लिहिता लिहिता औषधाच्या दुकानातून आणलेली ग्लिसरीनची बाटली दिसली. साखर पटलातून जवळजवळ आत जातच नाही. ग्लिसरीन हळूहळू शिरतं. म्हणजे आधी पेशी आकसायची, मग ग्लिसरीन आपल्याच उतारावरून (जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडे) आत सरकायचं, मागोमाग पाणी, आणि बाहेरचं द्रावण न बदलता पेशी पुन्हा भरायची. मीठ राहू दे. ०.४० मोलर ग्लिसरीन केलं, १०० मिलीला ३.७ ग्रॅम, आणि स्लाइड चढवली. कडांना व्हॅसलीन अर्थातच.

पाच मिनिटांत झाडून सगळ्या आकसल्या. आता चाळीस मिनिटं झालीत. डावीकडच्या एका पेशीच्या कोपऱ्यातली फट मघापेक्षा बारीक दिसतेय. व्हॅसलीन आहे तरी पंखा बंदच ठेवलाय, आणि घाम नेत्रिकेवर टपकतोय.