गलोल: जप्तीच्या खणातला एक शब्द

घंटा, मैदान आणि छडी यांवर स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मी शिक्षकांच्या खोलीतल्या जप्तीच्या खणात हमखास सापडणाऱ्या एका वस्तूच्या नावाबद्दल लिहितो.

खणात जमा होताना ती 'गलोल' असायची, मैदानावर 'बेचकी'. वस्तू एकच, पण दोन नावांनी तिचे दोन वेगळे भाग धरले आहेत. फांदीला दोन फाटे फुटतात ते बेचकं. दोन बोटांमधल्या कोनालाही आपण बेचकंच म्हणतो. म्हणजे बेचकी हे नाव लाकडाचं, आणि गलोल हे गोळीचं. हिंदीत गुलेल. फारसीत 'गुलूला' म्हणजे गोळी. हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या 1886 च्या कोशाने मात्र गुलेलचं मूळ संस्कृत 'गुड', 'गुल' यांच्याकडे नेलं. मुळाबद्दल वाद घाला हवा तर, गोळी दोन्हीकडे आहेच.

गंमत अशी, की मूळच्या गुलेलीला ना बेचकं होतं ना रबर. ते धनुष्य होतं. बांबूच्या कामठीला दोन समांतर दोऱ्या, त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये बारीक काड्या, मधोमध विणलेली इवलीशी झोळी आणि तिच्यात मातीची वाळवलेली गोळी. सोडताना धनुष्याचा हात किंचित बाजूला वळवायचा. विसरलात तर गोळी स्वतःच्याच अंगठ्यावर. टिकाऊ रबराची युक्ती गुडइयरला सापडली 1839 मध्ये, आणि डनलॉपच्या हवेच्या टायरचं पेटंट 1888 चं. सायकलच्या ट्यूबची गलोल त्याआधीची असूच शकत नाही. वस्तू बदलली तरी जुनं नाव तिला चिकटून राहिलं.

गोफणीची गोष्ट वेगळी. सुश्रुताने जखम बांधायचे चौदा बंध सांगितले, त्यांत 'गोफणा' आहे: हनुवटी, नाक, ओठ, खांदा अशा जागी, जिथे सरळ पट्टी बसत नाही. मध्ये रुंद खोलगट भाग, दोन्हीकडे दोर, हाच तो आकार. इंग्रजीतही 'स्लिंग' म्हणजे गोफण आणि मोडक्या हाताची झोळीसुद्धा.

इंग्रजीत गलोलीला कॅटापल्ट म्हणतात, तो शब्द ग्रीक. 'काटा' म्हणजे विरुद्ध किंवा आरपार. पुढचा भाग 'फेकणे'चा की 'ढाली'चा, यावर दोन मतं आहेत. मला फेकण्याचं पटतं, ढालीचं जरा जास्तच शूर वाटतं. इ.स.पू. 399 च्या सुमारास सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये हे युद्धयंत्र निघालं असं ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो. रोमन लोकांचा 'कॅटापुल्टा' बाण सोडायचा, दगडांसाठी 'बॅलिस्टा' होता. पुढे ही वाटणी पुसली गेली. 1961 मध्ये नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत'वर विमानं उडवायला वाफेचा कॅटापल्ट होता, म्हणजे शब्द पार जहाजाच्या डेकपर्यंत गेला.

आता वस्तू. बेचकं पेरूचं किंवा चिंचेचं, साल काढून दोनेक आठवडे सावलीत वाळवलेलं. ओल्या लाकडाची वाळताना चीर पडते आणि ती नेमकी फाट्याच्या खाचेत. टोकांत सहा-सात सेंटिमीटर अंतर, टोकाखाली अर्ध्या सेंटिमीटरवर खोबण. ट्यूबच्या पट्ट्या दोन सेंटिमीटर रुंद, पंचवीस लांब, एका दमात कापलेल्या. कडेला कातरीचं बारीक टोक लागलं तरी तिथूनच फाटतात. एक पट्टी बोटभर कमी पडली की नेम सतत त्याच बाजूला जातो, आणि पोरं दोष दगडाला देतात. बांधायला सुतळी नको, ती रबर कापते. त्याच ट्यूबची अरुंद पट्टी ताणून गुंडाळायची. मधला तुकडा चपलेच्या जुन्या कातड्याचा, आठ बाय चार. त्याची भोकं गोल पाडायची, ब्लेडने चीर दिली तर ती वाढत जाते. दगडही गोल हवा, वेडावाकडा हवेत वळतो. मातीची गोळी उगाच नव्हती.

रबर बहुधा कातड्यालगत तुटतं, आणि तुटलेलं टोक सरळ डोळ्याकडे येतं. जप्तीमागे काचांइतकंच हेही कारण होतं. खणात वर्षभर पडलेली गलोल ताणून बघू नये. रबरावर बारीक चिरांची जाळी आलेली असते, ती ताणल्याशिवाय दिसत नाही.