पानात नसलेली निळाई

पुण्यात हातमागाच्या कापडाचे प्रदर्शन भरले की ‘नैसर्गिक इंडिगो’ अशी चिठ्ठी लावलेले कुर्ते आणि ओढण्या हमखास दिसतात. ती चिठ्ठी वाचणाऱ्याला सहज वाटते की एखाद्या झाडाचा निळा रस काढून त्यात कापड बुडवले असेल. प्रत्यक्षात नीळ ज्या झुडपापासून मिळते त्याची पाने इतर कोणत्याही पानांसारखी हिरवी असतात आणि फुले गुलाबी. ही निळाई माणसाच्या हातून घडते, आणि म्हणूनच मला ती इतर वनस्पतिजन्य रंगांहून वेगळी वाटते.

पानांत इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते. कापलेल्या फांद्या हौदात पाण्याखाली दाबून ठेवल्या की त्या आंबू लागतात आणि इंडिकनपासून इंडॉक्सिल तयार होऊन पाण्यात उतरते. ते हिरवट पिवळे पाणी दुसऱ्या हौदात सोडून घुसळावे लागते. जुन्या कारखान्यांत मजूर त्या हौदात उतरून लाकडी फळ्यांनी पाणी झोडपत असत. हवेतला ऑक्सिजन मिळाला की निळे कण तयार होऊन तळाशी बसतात आणि तो गाळ उकळून, गाळून, दाबून त्याच्या वड्या पाडतात. मात्र ही वडी पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तिने थेट कापड रंगत नाही. रंगारी ती रांजणात चुना आणि गुळासारख्या गोड पदार्थाबरोबर पुन्हा आंबवतो. तेव्हा निळा रंग नाहीसा होऊन ती पिवळट हिरव्या रूपात विरघळते. त्या पाण्यातून बाहेर काढलेले कापड आधी हिरवे दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. गडद रंग हवा असेल तर हेच पुनःपुन्हा करावे लागते. रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जात नाही, तो त्यात अडकून बसतो. म्हणून नवा कुर्ता अंगाला थोडा लागला तर तेवढ्यावरून विक्रेत्याने फसवले असे समजू नये.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी नीळ भारतातून येते असे नोंदवतो, आणि ब्राह्मणाने विकू नयेत अशा वस्तूंच्या मनुस्मृतीतील यादीत मद्य आणि लाखेबरोबर नीळही आहे. तरीही ती केवळ आपलीच, असा अभिमान मला पटत नाही. पेरूमधील उआका प्रिएता येथे सापडलेले निळीने रंगवलेले सुती कापड सुमारे 6,000 वर्षांपूर्वीचे आहे आणि युरोपात हाच रंग वोड नावाच्या अगदी वेगळ्या वनस्पतीपासून काढत असत.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी 1883 मध्ये या रंगाची रेणुरचना उलगडली आणि 1897 मध्ये बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. तिचा मुख्य रेणू झाडाच्या निळीतला तोच आहे. झाडाच्या निळीत इंडिरुबिनसारखी इतर द्रव्येही थोडीफार असतात, इतकेच. या स्वस्त निळीचा फटका बिहारमधील चंपारणला बसला, पण तो सोसला मळेवाल्यांनी नव्हे. तेथे तीनकठिया पद्धतीने बिघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची कुळांवर सक्ती होती. नीळ परवडेनाशी झाल्यावर मळेवाल्यांनी त्या सक्तीतून सोडवण्याच्या मोबदल्यात कुळांकडून वाढीव खंड किंवा एकरकमी ‘तावान’ वसूल केला. नको असलेले पीक बंद करण्याची किंमतही शेतकऱ्यानेच मोजावी, हा अन्याय मला मूळ सक्तीइतकाच क्रूर वाटतो.

1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले, कुळांच्या जबान्या नोंदवल्या गेल्या आणि 1918 च्या कायद्याने तीनकठिया संपली. त्या कामात पुण्याचाही वाटा होता, याची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीने डॉ. देव यांना सहा महिन्यांसाठी गांधीजींकडे पाठवले आणि खेड्यांतील औषधोपचाराचे व स्वच्छतेचे काम त्यांच्या देखरेखीखाली चालले. मुलांना शिकवण्यासाठी मुंबईहून अवंतिकाबाई गोखले गेल्या आणि पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन.