आमची वाटचाल : चार थेंब आणि एक काना

सुरुवातीच्या दिवसांत एका संशोधन निधीसाठी अर्ज भरला होता. त्यात एक रकाना होता : ‘विषय (एकच निवडा)’. पर्यावरणशास्त्र, गणित, लघुउद्योग, तिन्ही पर्याय होते. आम्ही तिघंही तिथे बसलो होतो. ताई पर्यावरणशास्त्राच्या, सर गणिताचे आणि मी हिशेब-वसुली बघणारा. तिघांनी तीन ठिकाणी खूण केली आणि अर्ज परत आला. तेव्हापासून आम्ही निधीच्या नादी लागलो नाही. जे शिकलो ते गिऱ्हाइकांच्या सांडपाण्यावर शिकलो.

आमचा धंदा काय, ते आधी सांगतो. सांडपाण्याचं सॅम्पल घ्यायचं, बीओडी (त्यातली घाण कुजवताना जंतू पाच दिवसांत किती ऑक्सिजन खातात तो आकडा) आणि सीओडी (तीच घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन) काढायचा, प्रवाह मोजायचा आणि त्या आकड्यांवरून छोट्या कारखानदाराला सांगायचं की तुझा सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट केवढा हवा, टाकी कुठे हवी, पाणी कधी सोडायचं. प्रयोगशाळा बऱ्याच जणांकडे आहेत. आमच्याकडे प्रयोगशाळेच्या शेजारच्या टेबलावर गणिती बसतो, एवढाच फरक. पण या एवढ्याशा फरकानंच आम्हाला बुडवायची वेळ आणली, म्हणून तो सविस्तर सांगतो.

सर पहिल्यांदा आले ते नदीचं मॉडेल करायला. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली ओहायो नदीवर मांडलेलं समीकरण त्यांना तोंडपाठ होतं. सांडपाणी नदीत पडल्यावर ऑक्सिजन कसा खाली जातो, किती अंतरावर तळ गाठतो, पुन्हा कसा वर येतो, हे ते फळ्यावर झरझर काढायचे. ताईंनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, “सर, यात घालायचा आकडा कुठून येतो ते बघितलंय का कधी?” आणि त्यांना ब्यूरेटपाशी, म्हणजे थेंब थेंब रसायन सोडायच्या खुणांच्या काचेच्या नळीपाशी, नेऊन उभं केलं.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ सालची. आता तेच मोजणारे डीओ मीटर आले, तरी ताईंचा विश्वास बाटलीवरच. तीनशे मिलीची बाटली, आत एकही बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड. झाकण लावून बाटली उलटीसुलटी केली की तपकिरी ढग उठतो. ढग पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन नाही, पुढचं काम करायचीही गरज नाही. मग ॲसिड घातलं की ढग विरून सोनेरी पिवळा रंग येतो. त्यातलं २०१ मिली मोजून घ्यायचं आणि थायोसल्फेट सोडत जायचं. पिवळा फिका पडला की स्टार्च, निळा रंग, आणि एका थेंबाला तो निळा रंग जातो. थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल असेल तर जितके मिली लागले तितकाच लिटरमागे मिलिग्रॅम ऑक्सिजन.

सरांनी विचारलं, “हा शेवटचा थेंब नक्की कुठला?” ताई म्हणाल्या, “कळतो.” सरांना ‘कळतो’ हे उत्तर चालत नाही. त्यांनी ताईंना एकाच पाण्याच्या दहा बाटल्या करायला लावल्या. दहा उत्तरं आली, जवळजवळची, पण दहाच्या दहा सारखी नाहीत. मग सरांनी पाटीवर हिशेब केला. बीओडीसाठी आपण तीनशे मिलीत सहा मिली सॅम्पल घालतो, म्हणजे पन्नास पट पातळ. ब्यूरेटवर ०.२ मिलीची चूक झाली, म्हणजे चारेक थेंब इकडेतिकडे, तर उत्तरात ०.२ गुणिले पन्नास, १० मिलिग्रॅमचा फरक. चार थेंबांत १० मिलिग्रॅम. त्या दिवशी ताई आणि सर पहिल्यांदा एका बाजूला झाले आणि मी दुसऱ्या बाजूला पडलो. कारण दोघांनी ठरवून टाकलं की यापुढे प्रत्येक अहवालात आकड्यापुढे ‘±’ लिहायचं.

धंद्याच्या दृष्टीनं ही आत्महत्या होती, हे माझं मत मी तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते ठाम आकड्याचे. त्याला ‘२४०’ हवं असतं. ‘१९० ते २९०च्या मध्ये कुठेतरी’ हे ऐकायला तो आलेला नसतो.

सर त्यावर गॉसेटची गोष्ट सांगायचे. हा माणूस गिनेसच्या कारखान्यात नोकरीला. नमुने नेहमी थोडे, मोठ्या संख्येचं गणित उपयोगाचं नाही. म्हणून त्यानं थोड्या नमुन्यांचं वेगळं गणित बसवलं आणि १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापलं. सर त्याला आमचा कुलपुरुष म्हणतात. या निमित्तानं एक सांगून ठेवतो, कोणी विचारलेलं नाही तरी. तीन सॅम्पलवर सरासरी काढू नका. तीन सॅम्पलना ‘स्टुडंट’च्या तक्त्यातला गुणक ४.३०३ आहे, सहांना २.५७१. आकड्यांचा विखुरलेपणा (प्रमाण विचलन) २० असेल तर तीन सॅम्पलवर उत्तर ±५०, सहांवर ±२१. खर्च दुप्पट, पण अंधार निम्म्याहून कमी. गिऱ्हाइकाला हे कागदावर करून दाखवा. पाचातला एक तरी ऐकतो.

त्यानंतर काही वर्षं नीट गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग ते मोठं काम आलं. कापड रंगवणारी कंपनी, नाव घेत नाही. नवा प्लँट बांधायचा होता, डिझाइनसाठी आमचा आकडा हवा होता आणि तो आठवड्यात हवा होता. तीन ग्रॅब सॅम्पल (एका वेळी एकदाच भरून घेतलेले) मिळाले, तिन्ही दिवसा घेतलेले. गडद रंग रात्रपाळीत निघतात हे आम्हाला माहीत होतं, पण रात्री गेट उघडायला ते तयार नव्हते. सरांनी अहवालात लिहिलं : बीओडी २४० ± ५०. खाली तळटीप : ‘रात्रपाळीचे नमुने घेतलेले नाहीत.’

त्यांचे मॅनेजर मला म्हणाले, “साहेब, हे असं कर्जाच्या फायलीत लावता येत नाही. एक आकडा द्या.” मी म्हणालो, बघतो. ऑफिसात परत आलो. सर घरी गेले होते. मी फाइल उघडली, ‘± ५०’ खोडलं, तळटीपही खोडली, सही केली आणि पाठवून दिलं. दोन मिनिटांचं काम.

प्लँट २४०वर बांधला गेला. महिनाभरात एरेशन टँक, म्हणजे हवा सोडून जंतूंकडून घाण खाववायची टाकी, कोलमडला. ताई गेल्या आणि लिटरच्या सिलिंडरमध्ये गाळ बसवून बघितला. अर्ध्या तासानंतरही ८५० मिलीवर होता. एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या लिटरभर पाण्यात तरंगणारा गाळ, ३००० मिलिग्रॅम. म्हणजे एसव्हीआय, एक ग्रॅम गाळ बसल्यावर व्यापतो ती जागा, २८३ मिली. दीडशेच्या वर गेला की आपण काळजी करतो, इथे तर गाळ बसायलाच तयार नव्हता, शुद्ध पाण्याबरोबर बाहेर चालला होता. नंतर दोन महिने रात्रंदिवस कंपोझिट सॅम्पल (थोड्या थोड्या वेळानं घेऊन एकत्र केलेले) घेतले तेव्हा सरासरी निघाली २८१.

मी खोडलेल्या ± ५०च्या आतच होती ती.

कंपनीनं आमचे पैसे अडवले ते अडवलेच, वर आमच्या नावानं बोंब मारली. आणि नेमकी इथेच आमच्या प्रतिस्पर्ध्याला संधी मिळाली.

हा प्रतिस्पर्धी म्हणजे आमच्याकडेच शिकलेला मुलगा. सॅम्पलच्या बाटल्या धुण्यापासून त्याला सगळं आम्ही शिकवलं. गेला तेव्हा मी स्वतः त्याला शुभेच्छा दिल्या होत्या. त्यानं बाजारात सांगायला सुरुवात केली, “ते लोक पन्नास इकडे, पन्नास तिकडे सांगतात. म्हणजे त्यांनाच माहीत नाही. आम्ही ठाम सांगतो.” गंमत बघा. ज्या एका अहवालात आम्ही ठाम सांगितलं, तोच आमच्या अंगाशी आला, आणि त्याचा फायदा घेणारा ठामपणाच विकत होता! तीन जुनी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. त्यातल्या एकानं मला त्याचा अहवाल दाखवला. वाचत गेलो आणि सहाव्या पानावर थांबलो.

आमच्या हिशेबाच्या फायलीत तापमानाच्या दुरुस्तीचा एक रकाना आहे. तापमान एक अंशानं वाढलं की जंतूंचा ऑक्सिजन खाण्याचा वेग १.०४७ पटीनं वाढतो, तो गुणक तिथे असतो. बाटल्या पाच दिवस ठेवायचा इन्क्युबेटर वीस अंशांऐवजी सव्वीसवर अडकला तर वेग तिसरा हिस्सा जास्त होतो आणि पाच दिवसांचा आकडा साधारण १४ टक्क्यांनी फुगतो. हे आम्ही एका उन्हाळ्यात थर्मोस्टॅट चिकटल्यावर शिकलो आणि मग तो रकाना केला. सरांचं टायपिंग कच्चं. रकान्याचं नाव त्यांनी लिहिलं होतं ‘तापामान दुरुस्ती’. एक काना जास्त. त्या मुलाच्या अहवालात, सहाव्या पानावर, सुबक चौकटीत छापलं होतं : ‘तापामान दुरुस्ती’.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, शुद्धलेखनाच्या चुका सगळ्यांच्याच होतात.” वकिलाला विचारलं. ते म्हणाले, एका कान्यावर खटला उभा राहत नाही. तेव्हा दुसरा सल्ला, हाही फुकट : माणूस कामाला ठेवतानाच फायली कोणाच्या हे कागदावर घ्या. आम्ही माणुसकीवर घेतलं होतं.

त्यानंतरचे चार महिने पगार झाले नाहीत. ताईंनी एकदाही विचारलं नाही, आणि मला तेच जास्त टोचलं. शेवटी इन्क्युबेटर विकायचं ठरलं. बघायला माणूस आला, दार उघडलं, आत बाटल्यांच्या रांगा. ताई म्हणाल्या, “आज चौथा दिवस आहे. उद्या रीडिंग घेईन, परवा न्या.” तो माणूस गोंधळला. बुडत्या धंद्यात पाचवा दिवस कोण पाळतो? पण ते सॅम्पल काकूंचे होते.

काकू म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. सूत रंगवायचं छोटं युनिट, नवऱ्यामागे त्यांनीच चालवलेलं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की प्लँट दुप्पट करा, नाहीतर बंद करा. जागा नव्हती. त्या इन्क्युबेटरवाल्याच्याच दिवशी त्या ऑफिसात आल्या. म्हणाल्या, “अहो, तुमच्याबद्दल बरंच ऐकतेय. मला फक्त एवढं सांगा, ते पन्नास तुमच्या सरांनी लिहिलं होतं की नाही?”

मी खरं सांगितलं. लिहिलं होतं, मी खोडलं. सर शेजारीच बसले होते. त्यांनाही तेव्हाच कळलं. त्या दिवशी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

काकूंनी आगाऊ रक्कम टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “माझ्या अहवालात काही खोडायचं नाही.” इन्क्युबेटर विकलं नाही.

काकूंच्या युनिटमध्ये आम्ही व्ही-नॉच बसवला. पत्र्याची पाटी, मध्ये ९० अंशांचा कापलेला व्ही, सरांनी स्वतः कोनमापकानं आखून दिलेला. पाणी त्या खाचेतून पडतं, मागे उंची मोजायची, प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घातानं वाढतो. दहा सेंटिमीटर उंचीला सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, अकराला ५.५. एका सेंटिमीटरनं डोळा चुकला की प्रवाह सव्वापट. म्हणून पट्टी खाचेला चिकटवायची नाही, थोडी मागे लावायची, जिथे पाणी खाली झुकायला लागलेलं नसतं, आणि बघताना डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा. काकूंचा मुलगा आणि मी चोवीस तास दर पंधरा मिनिटांनी रीडिंग घेत बसलो. ९६ रीडिंग. पहाटे तीन ते पाचमधली माझ्या अक्षरात आहेत आणि वाचता येत नाहीत, हे सर आजही बोलून दाखवतात.

मग सरांनी रिप्पलची रेघ काढली. धरणांच्या साठ्यासाठी १८८३ साली रिप्पलनं जी पद्धत काढली तीच : आलेल्या पाण्याची बेरीज वर वर चढत जाते, सारख्या गतीनं काढलेल्या पाण्याची सरळ रेघ असते, त्या दोघींमधलं सगळ्यात मोठं अंतर म्हणजे लागणारी टाकी. धरणाचं गणित काकूंच्या मागच्या अंगणात चपखल बसलं. प्लँट लहान नव्हताच. पाणी एकदम येत होतं. गडद रंगाची भांडी दुपारी एकाच तासात रिकामी व्हायची. एक साठवण टाकी आणि गडद पाणी रात्रभर बारीक व्हॉल्व्हनं सोडायचं, एवढ्यावर जुना प्लँट पुरला. अहवालात टाकीच्या मापापुढेही ± होता. काकूंनी वरचा आकडा धरून टाकी बांधली.

त्या कामावरून पुढची कामं आली. एका अभ्यासकानं आमची ९६ रीडिंग घेऊन निबंध लिहिला, आभाराच्या यादीत आमचं नाव घालायला विसरला. असो. त्या मोठ्या कंपनीचे पैसे अजून आलेले नाहीत, दर वर्षअखेरीस मी स्मरणपत्र पाठवतो. तो मुलगा आता समारंभांत ‘बहुशाखीय दृष्टिकोन’ या विषयावर बोलतो. मी एकदा मागच्या रांगेत बसून ऐकलं. बरं बोलतो.

आमच्या फायलीत तो शब्द अजून ‘तापामान’ असाच आहे. नव्यानं आलेली मुलं दुरुस्त करायला जातात, मी करू देत नाही. सर दोनदा चिडले. मी सांगितलं, यापुढे इथलं काही खोडायचं नाही, असं ठरलंय ना? त्यावर ते काही बोलले नाहीत.