तुम्ही विचारलंत म्हणून: सामींच्या पाहणीत शेजारी कशाला?

सार्वजनिक आरोग्य शिकायला उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला आले त्याला बरीच वर्षं झाली. सुट्टीत धुळ्याला गेले की मामांपासून ओळखीच्या डॉक्टरांपर्यंत सगळे हटकून विचारतात, "पाहणी सामी लोकांच्या आरोग्याची आहे ना, मग त्यात नॉर्वेजियन माणसं कशाला घेता?" जेवणाच्या ताटावर "तुलना करायला" एवढंच सांगून होतं. ते खरं आहे, पण अर्धंच.

सामी म्हणजे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तरेकडचे आदिवासी. 'सामीनोर' नावाची ही पाहणी ट्रोम्सो विद्यापीठाचं सामी आरोग्य संशोधन केंद्र करतं. सामी, नॉर्वेजियन आणि क्वेन जिथे शेजारी शेजारी राहतात, अशाच भागांत ती होते. क्वेन म्हणजे फिनलंड आणि स्वीडनच्या उत्तरेकडून पूर्वी आलेल्या फिनिश बोलणाऱ्यांचे वंशज. पहिली फेरी २००३-०४ मध्ये २४ कोम्यूनमध्ये झाली (कोम्यून म्हणजे साधारण आपला तालुका समजा). रक्तदाब, रक्ताचे नमुने, उंची, कंबर आणि भलीमोठी प्रश्नावली. सोळा हजारांवर लोक आले.

आता उरलेलं अर्धं उत्तर. नॉर्वेत जन्म, मृत्यू, कर्करोग, सगळ्याच्या नोंदी व्यक्तिगत क्रमांकावर असतात. पण माणूस सामी आहे की नाही, हे त्यांत कुठेच लिहिलेलं नाही. सामी संसदेची मतदारयादी आहे, पण तीत नाव स्वतःहून नोंदवायचं असतं. म्हणजे 'फक्त सामींना' बोलवायचं तर यादीच नाही. त्या भागातल्या ठरावीक वयाच्या सगळ्यांना पत्र पाठवायचं आणि त्यांनाच विचारायचं: आजी-आजोबा घरी कोणती भाषा बोलत? आई-वडील? तुम्ही? तुम्ही स्वतःला काय समजता? उत्तरात एकापेक्षा जास्त खुणा चालतात.

भाषेपासून सुरुवात का, तर भाषेवरच घाव पडला होता. १८९८ च्या सरकारी आदेशाने शाळेत सामी आणि क्वेन भाषा अगदी अडलं तरच वापरायच्या, असं ठरलं. १९०२ मध्ये फिनमार्क या नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या प्रांतात सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता-लिहिता यायला हवं आणि रोजच्या वापरात ती हवी, असा नियम झाला. किनाऱ्यावरच्या किती घरांनी मुलांशी सामी बोलणंच सोडलं! माझी आजी घरात अहिराणीच बोलायची आणि आम्ही तिच्यासारखं बोललो की बाबा "नीट बोला" म्हणायचे. आमची जमीन काही त्यावर अडली नव्हती. तरी ती प्रश्नावली पहिल्यांदा वाचली तेव्हा 'आजीची भाषा' या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले होते.

आणि मोजमापाचीच इथे जुनी जखम आहे. १८५२ मध्ये फिनमार्कमधल्या कौतोकेनो गावात सामींनी केलेल्या उठावानंतर त्यातले मोन्स सोम्बी आणि आस्लाक हेट्टा यांचा १८५४ मध्ये शिरच्छेद झाला. त्यांची डोकी शरीरशास्त्राच्या संग्रहात गेली आणि १९९७ मध्ये कुठे त्यांना माती मिळाली. स्वीडनमध्ये १९२२ साली उप्सालाला वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था निघाली आणि सामींची डोकी, चेहरे मोजत फिरली. त्यांच्याच नातवंडांच्या कमरेला आपण आज टेप लावतो. त्याच खोलीत, त्याच टेपने शेजाऱ्यालाही मोजलं जातं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

सापडतं काय? जगातल्या पुष्कळ आदिवासी समाजांत आणि त्यांच्या शेजाऱ्यांत आरोग्याची जी दरी दिसते, तशी इथे दिसत नाही. लठ्ठपणा दोघांतही बराच आहे. दवाखाना दोघांनाही सारखाच लांब, दुकान तेच, हिवाळ्याचा अंधार तोच. शेजारी मोजले नसते तर तो लठ्ठपणा 'सामींचा आजार' म्हणून छापला गेला असता. ठळक फरक दिसतो तो भेदभावात. सामीपण जितकं घट्ट, तितके जास्त लोक तो सोसल्याचं सांगतात, आणि सोसलेल्यांना आपली तब्येतही कमी चांगली वाटते.

मला काळजी आहे ती प्रतिसादाची. पहिल्या फेरीत बोलावलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के आले होते. दुसऱ्या फेरीतल्या, २०१२ च्या प्रश्नावलीला जेमतेम २७ टक्क्यांनी उत्तर दिलं. प्रश्नावल्यांना सगळीकडेच लोक कंटाळलेत, हे खरं. पण इथे विश्वास पुन्हा पुन्हा कमवावा लागतो. आता एकेका माणसाच्या सहीबरोबर सामी समाजाची सामूहिक संमतीही घ्यावी लागते आणि ते योग्यच आहे.

आकडे हाताळताना अशी ओळ हमखास भेटते: आजीची भाषा सामी, आईची सामी आणि नॉर्वेजियन, स्वतःची फक्त नॉर्वेजियन. 'स्वतःला काय समजता' यापुढे दोन खुणा. एका शोधनिबंधाच्या व्याख्येत ही बाई सामी ठरते, दुसऱ्याच्या नाही. मामा, तिला कोणत्या बाजूला बसवू, तुम्हीच सांगा.