अडतीस

स्मरणिकेसाठी दोन शब्द लिही म्हणून वर्गमित्राचा फोन आला आणि वर म्हणाला, नावापुढं कंसात 'अडतीस' टाक बे, नाहीतर कुणाला कळणार नाही कोण तू.

तर त्याची गोष्ट. आपल्या सोलापूरच्या शाळेत दरवर्षी 12 जानेवारीला वक्तृत्व स्पर्धा असायची. 1931 साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. विषय फिरून फिरून 'धाडस'च, आणि दहातली आठ पोरं चार हुतात्म्यांवरच बोलायची, तेच 1930 चं सोलापूरचं मार्शल लॉ, तेच हातवारे. ऐकणाऱ्यांचं अर्धं लक्ष होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत, पाळणे लागले का नाही यात.

मी आठवीत. मराठीच्या बाईंनी मला चीनला गेलेले डॉक्टर कोटणीस दिले, भैय्या चौकातलं त्यांचं घर आमच्या रोजच्या रस्त्यावर म्हणून. घरी आम्ही तेलुगू बोलणारे, माझं मराठी अडखळतच चालायचं, त्यामुळं भाषण घोकून पाठ केलेलं. स्टेजवर गेलो, "सन 1938 मध्ये" म्हणालो आणि पुढचं सगळं गायब! परत म्हणालो, सन 1938 मध्ये. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मागच्या रांगेतनं कोरसमध्ये "अडतीस!" आलं. खाली उतरलो, चप्पल तिथंच राहिली.

पुढच्या वर्षी बाईंनी परत माझंच नाव लिहिलं. म्हटलं बाई नको ओ, परत अडकलो तर? तर म्हणतात कशा, "अडकलास तर पाणी पी आणि परत बोल. कोटणीस गेले तेव्हा त्यांना चिनी येत होतं का?" आणि कागद काढून घेतला, पाठ करायचं नाही, समजून सांगायचं. मग पहिल्यांदा नीट वाचलं. 1938 मध्ये भारतातनं पाच डॉक्टर चीनला गेले, चार परत आले. हा माणूस मात्र राहिला, भाषा शिकला, तिथंच लग्न केलं, लढाईत जखमी सैनिकांची ऑपरेशनं करत 1942 च्या डिसेंबरात तिथंच वारला, वय 32. आमच्या गल्लीत 32 व्या वर्षी लोक यंत्रमागाच्या खात्यात नाइट शिफ्ट बदलून मिळते का बघत असतात, मला तेच आठवत होतं आणि मी तेच बोललो. दोनदा अडकलो, पाणी प्यायलो. नंबर आला नाही. पहिला नंबर हातवारेवाल्यालाच, परीक्षकांना तेच आवडतं, आजही.

त्या दिवशी आई आली होती, हॉलच्या दाराशी उभी. अर्ध्या दिवसाच्या विड्या बुडवून आलेली, म्हणजे आठवड्याच्या हिशोबात खाडा. मराठी तिला बाजारापुरतं. संध्याकाळी सूप मांडीवर घेऊन पानं कापता कापता तिनं तेलुगूत विचारलं, तो डॉक्टर परत आला का मग?

नाही म्हटलं.

जरा वेळ कात्री थांबली. मग म्हणाली, त्याच्या आईला कुणी सांगितलं?

ते माझ्या भाषणात नव्हतं.